लुकास राडेबे : लीगमध्ये एकही गोल नाही, चषक मोजके, तरी एवढा मान कशामुळे?

मागची_फळी

दक्षिण आफ्रिकेचा माजी बचावपटू आणि कर्णधार लुकास राडेबे याच्या कारकिर्दीविषयी येथील जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

मी कोल्हापुरात लहान मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक मुलाला आघाडीवर खेळायचे असते. शाहू स्टेडियमवर टाळ्या कोणाला मिळतात हे तो वडिलांच्या खांद्यावर बसून पाहत आलेला असतो, त्यामुळे मागच्या फळीत उभे केले की आपल्याला शिक्षा झाली असेच त्याला वाटते. अशा मुलांना सांगता याव्यात म्हणून निव्वळ बचावावर नाव कमावलेल्या खेळाडूंची माहिती मी जमवतो आहे आणि त्यात राडेबेचे नाव वारंवार समोर येते.

मात्र आकडे पाहिले की मी अडखळतो. देशासाठी ७० सामने आणि २ गोल. इंग्लंडमधील लीड्स युनायटेडकडून लीगचे २०० सामने आणि गोल एकही नाही. त्या क्लबसोबत एकही चषक नाही. मोठे यश एकच दिसते, ते म्हणजे १९९६ साली त्याच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने जिंकलेला आफ्रिका चषक. असे असूनही लीड्समध्ये आणि सोवेटोमध्ये, म्हणजे जोहान्सबर्गजवळच्या त्याच्या जन्मगावी, त्याचे नाव ज्या आदराने घेतले जाते, तो आदर त्याच्याहून कितीतरी जास्त चषक जिंकलेल्या खेळाडूंच्या वाट्याला येत नाही. याचे कारण त्याच्या खेळात आहे की त्याच्या आयुष्यात? आणि तो सुरुवातीला गोलरक्षक होता असे वाचले, ते खरे आहे का?

दुर्बीण

प्रथम एक दुरुस्ती. १९९६ च्या आफ्रिका चषकात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार नील टोवी होता. ३ फेब्रुवारी १९९६ रोजी ट्युनिशियाला २-० असे हरवल्यानंतर चषक त्याने उंचावला आणि अंतिम सामन्याचे दोन्ही गोल बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या मार्क विल्यम्सचे होते. राडेबे त्या संघाच्या बचावात टोवी आणि मार्क फिश यांच्या बरोबरीने होता. तो कर्णधार म्हणून विश्वचषकाला गेला तो पुढे १९९८ आणि २००२ मध्ये.

आता आपल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते बाकीची उत्तरे तेथूनच सुरू होतात. होय, तो गोलरक्षक होता. १२ एप्रिल १९६९ रोजी सोवेटोमधील डीपक्लूफ या वस्तीत, भरपूर भावंडांच्या घरात त्याचा जन्म झाला. १९७६ साली सोवेटोतील शाळकरी मुलांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्यानंतरची दहा-बारा वर्षे त्या वस्तीत दगडफेक, अश्रुधूर आणि अंत्ययात्रा हे नित्याचेच होते. तो पंधरा वर्षांचा झाल्यावर, मुलगा या धुमश्चक्रीत सापडू नये म्हणून आईवडिलांनी त्याला बोफुथात्स्वाना येथे शिकायला पाठवले. वर्णद्वेषी राजवटीने काळ्या नागरिकांसाठी आखलेल्या तथाकथित ‘स्वदेशां’पैकी हा एक. कागदोपत्री तो स्वतंत्र देश होता आणि त्याला बाहेरच्या जगाने कधीच मान्यता दिली नाही. तेथे करमणुकीची फारशी साधने नव्हती, म्हणून वेळ घालवण्यासाठी त्याने फुटबॉल धरला आणि पहिल्यांदा उभा राहिला तो गोलमध्ये.

तेथून पुढे तो मधल्या फळीत आला आणि १९८९ मध्ये कैझर चीफ्स या सोवेटोच्या लाडक्या क्लबने त्याला घेतले. त्याला हेरणारा पॅट्रिक न्त्सोएलेंगोए हा स्वतः त्या क्लबचा दिग्गज खेळाडू होता. मध्य-बचावाची जागा राडेबेला मिळाली ती चीफ्समध्येच. म्हणजे गोलरक्षक, मग मधली फळी, मग बचाव अशा तीन जागा ओलांडून तो आपल्या खऱ्या जागी पोहोचला. लहान वयात मुलांना एकाच जागी जखडून ठेवू नये असे जे म्हटले जाते, त्याला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मध्येच १९९१ ची घटना आहे. सोवेटोमध्ये गाडीतून जात असताना त्याच्यावर गोळी झाडली गेली. ती पाठीत शिरून मांडीतून बाहेर पडली आणि शरीरातील एकाही महत्त्वाच्या अवयवाला तिचा धक्का लागला नाही. हल्लेखोर कधीच सापडला नाही. परदेशी जाऊन खेळण्याचा विचार बळावला त्यात या घटनेचा वाटा मोठा होता. काही महिन्यांत तो पुन्हा मैदानावर होता आणि ७ जुलै १९९२ रोजी डर्बनमध्ये, जागतिक फुटबॉलमधून अनेक वर्षे बहिष्कृत राहिलेल्या दक्षिण आफ्रिकेने पुनरागमनाचा पहिला सामना कॅमेरूनविरुद्ध खेळला, तेव्हा तो त्या संघात होता. डॉक्टर खुमालो (‘डॉक्टर’ हे त्याचे नावच) याच्या पेनल्टीवर तो सामना १-० असा जिंकला. आपण ‘७० सामने’ हा आकडा लिहिलात. त्या आकड्याच्या आधीची तीन वर्षे, वीस ते तेवीस या वयातली, कोऱ्या पानासारखी आहेत, कारण त्या काळात त्याच्या देशाला आंतरराष्ट्रीय संघच नव्हता. त्याच्या आधीच्या पिढ्यांना तर एवढेही मिळाले नाही. न्त्सोएलेंगोए हा आफ्रिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक मानला जात असूनही देशाच्या अधिकृत संघातून खेळण्याची संधी त्याला मिळाली नाही. राडेबेकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेत न्त्सोएलेंगोएसारख्यांची आठवणही मिसळलेली असते.

उजवा_पंख

दुर्बीण यांनी आयुष्याची बाजू नेमकी मांडली आहे. मी खेळाकडे वळतो, कारण आदर फक्त त्याच्या आयुष्याच्या कहाणीला मिळाला असे चित्र निर्माण झाले तर ते त्याच्यावर अन्यायाचे होईल. तो अस्सल दर्जाचा बचावपटू होता.

१९९४ मध्ये लीड्सने अडीच लाख पौंडांना त्याला घेतले. त्याच सुमारास ममेलोडी सनडाउन्सचा आघाडीवीर फिल मसिंगा हाही लीड्समध्ये दाखल झाला होता, आणि मसिंगाला परक्या देशात सोबत हवी म्हणून राडेबेला आणले, ही गोष्ट लीड्समध्ये आजही सांगितली जाते. खरा शोध मसिंगा समजला जात होता एवढे मात्र निश्चित. पहिली दोन वर्षे राडेबेला कठीण गेली. व्यवस्थापक हॉवर्ड विल्किन्सन त्याला कधी उजव्या बचावात तर कधी मधल्या फळीत खेळवत आणि त्यातच गुडघ्याचा अस्थिबंध तुटून तो अनेक महिने बाहेर राहिला.

कलाटणी मिळाली सप्टेंबर १९९६ मध्ये, जॉर्ज ग्रॅहम व्यवस्थापक म्हणून आल्यावर. ग्रॅहम यांनी आर्सेनलमध्ये इंग्लंडमधील सर्वांत शिस्तबद्ध बचावफळी घडवली होती. त्यांनी राडेबेला मधोमध उभे केले आणि समोरच्या संघाचा सर्वांत धोकादायक खेळाडू त्याच्याकडे सोपवला. १९९६-९७ च्या हंगामात लीड्सने लीगच्या ३८ सामन्यांत फक्त २८ गोल केले. एवढ्या तुटपुंज्या गोलांवर संघ सहसा खालच्या श्रेणीत ढकलला जातो. लीड्स अकराव्या क्रमांकावर राहिले, कारण त्यांनी स्वीकारलेले गोलही अवघे ३८ होते. आपल्या मुलांना एखादा आकडा सांगायचाच असेल तर हा सांगावा. तो हंगाम पाहायला कंटाळवाणा होता हे मान्य. पण त्या वर्षी क्लब तरला तो मागच्या फळीच्या जोरावर.

त्याचे कौशल्य कशात होते? तो फार धिप्पाड नव्हता आणि धडका देऊन दहशत बसवणाऱ्यांपैकी तर मुळीच नव्हता. त्याची ताकद अंदाजात होती. आघाडीवीर चेंडू घेण्यासाठी वळण्याआधी राडेबेने अर्धे पाऊल टाकलेले असे, त्यामुळे घसरून टॅकल करण्याची वेळ त्याच्यावर इतरांपेक्षा कमी येई, आणि आली तर त्याचा पाय चेंडूपर्यंत स्वच्छ पोहोचे. गोलरक्षक म्हणून घालवलेली वर्षे येथे कामी आली असे माझे मत आहे. गोलमध्ये उभ्या राहणाऱ्याला सगळे मैदान समोरून दिसते. बाजूने येणारा क्रॉस नेमका कोठे उतरेल आणि त्यावर कोण झेपावेल हे त्याला चेंडू हवेत असतानाच ठरवावे लागते. राडेबे उडी मारून हेडर मारताना पाहिले की ही सवय ठळकपणे दिसते. मधल्या फळीतील दिवसांनी त्याला दुसरी गोष्ट दिली, ती म्हणजे चेंडू हिसकावून घेतल्यावर तो आंधळेपणाने न भिरकावता आपल्या माणसाकडे देण्याचा शांतपणा.

१९९८ मध्ये तो लीड्सचा कर्णधार झाला. त्याच वर्षी ग्रॅहम टॉटनहॅमला गेले, डेव्हिड ओ’लिअरी यांनी सूत्रे घेतली आणि क्लबच्या युवा संघातून आलेली मुले मैदानात उतरवली. हॅरी क्यूएल, जोनाथन वुडगेट, ॲलन स्मिथ ही सगळी विशीच्या आसपासची पोरे होती आणि त्यांच्यामागे तिशीला टेकलेला राडेबे उभा असे. १९९८-९९ मध्ये चौथा क्रमांक, १९९९-२००० मध्ये तिसरा क्रमांक आणि युएफा चषकाची उपांत्य फेरी असा त्या संघाचा चढता आलेख आहे. त्या युएफा चषकातील एक प्रसंग आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतो. स्पार्टाक मॉस्कोविरुद्धचा पहिला सामना, मॉस्कोचे मैदान गोठल्यामुळे, सोफियामध्ये झाला आणि लीड्स तो १-२ असा हरले. परतीच्या सामन्यात, डिसेंबर १९९९ मध्ये, एलंड रोडवर, म्हणजे लीड्सच्या घरच्या मैदानावर, शेवटची काही मिनिटे उरेपर्यंत गोलफलक कोराच होता, तेव्हा कॉर्नरवर उंच उडी घेऊन हेडरने गोल करणारा राडेबे होता. दोन सामने मिळून २-२ अशी बरोबरी झाली आणि अशा वेळी परक्या मैदानावरचा गोल जास्त मोलाचा धरला जाई, त्यामुळे क्यूएलने सोफियात केलेल्या गोलावर लीड्स पुढे गेले. लीगच्या २०० सामन्यांत एकही गोल नाही हे खरे असले, तरी गोल करताच येत नव्हता असे म्हणता येणार नाही.

त्या काळात मँचेस्टर युनायटेडपासून इटलीतील मोठ्या क्लबांपर्यंत अनेकांची नावे वृत्तपत्रांतून त्याच्याशी जोडली जात होती. तो लीड्समध्येच राहिला. चषकांचा हिशेब मांडताना हा निर्णयही त्यात धरावा लागतो. शिवाय चषकांची यादी केवळ इंग्लंडपुरती पाहू नये. कैझर चीफ्सकडून तो दक्षिण आफ्रिकेची लीग जिंकून आला होता.

मागची_फळी

दोघांचेही मनापासून आभार. कर्णधारपदाविषयीची माझी समजूत चुकीची होती, ती दुरुस्त झाली. १९९६-९७ च्या हंगामाचा हिशेब मी उद्याच मुलांसमोर मांडणार आहे.

आणखी एक विचारतो. देशाच्या संघासाठी सतत इंग्लंड ते आफ्रिका अशा खेपा घातल्यामुळे त्याचे गुडघे लवकर गेले आणि क्लबमधील उमेदीची वर्षे वाया गेली, असा सूर काही ठिकाणी वाचायला मिळतो. हे कितपत पटण्यासारखे आहे?

सांजतारा

मी अनेक वर्षे यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सच्याच परगण्यात, राहते, त्यामुळे हा सूर मी येथे पुष्कळदा ऐकला आहे. मला तो पूर्णपणे पटत नाही, पण त्यामागची अडचण खरी होती हे मान्य केले पाहिजे. आफ्रिका चषक जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे इंग्लिश हंगामाच्या ऐन मध्यात होत असे. क्लबला आपला मुख्य बचावपटू कित्येक आठवडे सोडावा लागे, आणि पात्रता फेरीचे सामने तर वर्षभर चालूच असत. जोहान्सबर्गहून रात्रभर विमानाने येऊन लगेच सरावाला उतरणे कोणत्याही शरीराला सोसणारे नाही.

तरीही त्याच्या बाजूने पाहा. १९९६ ची स्पर्धा मुळात केनियात व्हायची होती. ती ऐन वेळी दक्षिण आफ्रिकेकडे आली आणि बंदी उठून चार वर्षेही न झालेल्या देशात भरली. राडेबे गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीतून नुकताच सावरत होता. उपांत्य फेरीत समोर घाना, आणि घानाच्या आघाडीवर टोनी येबोआ, म्हणजे लीड्समधील त्याचाच सहकारी, ज्याच्या तोफगोळ्यासारख्या फटक्यांची त्या वर्षी सगळ्या इंग्लंडमध्ये चर्चा होती. दक्षिण आफ्रिकेने तो सामना ३-० असा जिंकला आणि येबोआला एकही गोल करता आला नाही. चार दिवसांत, नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत, आफ्रिकेचे विजेतेपद. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लीड्स वेम्बलीवर लीग चषकाच्या अंतिम सामन्यात ॲस्टन व्हिलाकडून ०-३ असे हरले. सोवेटोत वाढलेल्या माणसाने यातील पहिल्या स्पर्धेवर पाणी सोडायला हवे होते, असे समोरासमोर त्याला कोण सांगू शकले असते?

दुखापतीविषयी. सर्वांत मोठा घाव २००१ च्या वसंतात सुंदरलंडविरुद्धच्या सामन्यात बसला, आणि तो क्लबच्या सामन्यात बसला, देशाच्या नव्हे. त्या वेळी लीड्स चॅम्पियन्स लीगमध्ये घोडदौड करत होते. डेपोर्तिवोला हरवून ते उपांत्य फेरीत पोहोचले आणि तेथे वॅलेन्सियाकडून हरले. ज्या संघाची उभारणी त्याच्या खांद्यावर झाली, त्या संघाचे सर्वांत मोठे दोन सामने त्याला बाहेर बसून पाहावे लागले. वॅलेन्सियाविरुद्धच्या त्या दोन सामन्यांच्या आदल्याच दिवसांत, ३० एप्रिल २००१ रोजी, मंडेला लीड्समध्ये आले आणि तेथे त्यांनी राडेबेचा उल्लेख आपला नायक असा केला. त्या वाक्याचा येथे फार अभिमान बाळगला जातो.

पुढच्या संपूर्ण हंगामात तो लीड्सकडून लीगचा एकही सामना खेळू शकला नाही. आणि तरीही जून २००२ मध्ये कोरियात दक्षिण आफ्रिकेच्या संघाचे नेतृत्व करत तो मैदानात उतरला. पॅराग्वेशी २-२ अशी बरोबरी, स्लोव्हेनियावर १-० असा विजय आणि शेवटचा सामना स्पेनशी. त्यात २-२ अशी बरोबरी साधून देणारा हेडर राडेबेचा होता. पुढे राऊलने तिसरा गोल केला आणि दक्षिण आफ्रिका ३-२ अशी हरली. गटात पॅराग्वेचे गुण तितकेच, गोलफरकही तितकाच. पॅराग्वेने सहा गोल केले होते आणि दक्षिण आफ्रिकेने पाच. एका गोलाने बाद फेरी हुकली. मागची_फळी यांनी ‘७० सामने, २ गोल’ असे जे लिहिले, त्यातल्या दोनपैकी एक गोल हा आहे.

वर एका गोष्टीचा उल्लेख राहिला. डिसेंबर २००० मध्ये फिफाने त्याला फेअर प्ले पुरस्कार दिला. फुटबॉलमधील वंशद्वेषाविरुद्धच्या आणि मुलांसाठीच्या त्याच्या कामाची ती दखल होती. अनाथ मुलांसाठी काम करणाऱ्या एसओएस बालग्रामांचा तो फिफातर्फे राजदूत होता. ज्या इंग्लंडमधील प्रेक्षागृहांतून ऐंशीच्या दशकापर्यंत काळ्या खेळाडूंवर केळी फेकली जात, आणि त्यात एलंड रोडची अपकीर्ती काही कमी नव्हती, तेथे एक काळा आफ्रिकी कर्णधार सर्वांचा ‘चीफ’ (हे लीड्समधील त्याचे टोपणनाव) झाला, ही गोष्ट मला कोणत्याही चषकापेक्षा मोठी वाटते. शहरातल्या एका रॉक बँडने तर त्याच्या जुन्या क्लबच्या नावावरून स्वतःचे नाव कैझर चीफ्स ठेवले.

दुर्बीण

सांजतारा यांच्या प्रतिसादानंतर एक प्रसंग लिहावासा वाटतो, कारण गोलरक्षकाचा प्रश्न आपण सर्वांत आधी विचारला होता.

१७ एप्रिल १९९६ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड विरुद्ध लीड्स असा सामना होता. पहिल्या अर्ध्या तासाच्या आतच लीड्सचा गोलरक्षक मार्क बीनी याने पेनल्टी क्षेत्राबाहेर चेंडू हाताने अडवला आणि त्याला लाल कार्ड मिळाले. राखीव खेळाडूंमध्ये दुसरा गोलरक्षक नव्हता. राडेबेने हातमोजे चढवले. याच्या काही आठवडे आधी मिडल्सब्रोविरुद्धही त्याला असेच गोलमध्ये उभे राहावे लागले होते. विजेतेपदाच्या मार्गावर असलेल्या युनायटेडला, दहा खेळाडूंच्या संघाविरुद्ध आणि गोलमध्ये बचावपटू असताना, दुसऱ्या अर्धात बराच वेळ उलटेपर्यंत गोल करता आला नाही. शेवटी रॉय कीनने चेंडू आत घातला आणि सामना १-० असा संपला. लीड्सचे खेळाडू हेच अवसान इतर सामन्यांत का दाखवत नाहीत, असा जाहीर सवाल युनायटेडचे व्यवस्थापक ॲलेक्स फर्ग्युसन यांनी नंतर केला. त्यावरून, विजेतेपदाच्या शर्यतीत युनायटेडच्या मागे असलेल्या आणि लवकरच लीड्सशी खेळणार असलेल्या न्यूकॅसलचे व्यवस्थापक केव्हिन कीगन दूरचित्रवाणीवर ज्या रीतीने संतापले, तो प्रसंग इंग्लिश फुटबॉलमध्ये अजूनही आठवला जातो.

मला त्यात महत्त्वाचे वाटते ते राडेबेचे वागणे. त्या वेळी संघातील त्याची जागा पक्की नव्हती, ग्रॅहम अजून आले नव्हते, आणि ओल्ड ट्रॅफर्डवर, लीड्सच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याच्या घरी, गोलमध्ये उभे राहून हसे होण्याची शक्यता पुरेपूर होती. तो उभा राहिला आणि झेलही सुरेख घेतले. लीड्सच्या प्रेक्षकांचे त्याच्याशी जे नाते जुळले, त्याची सुरुवात मी त्या संध्याकाळी धरतो.

शेवटची वर्षे थोडक्यात. २००३ च्या मे महिन्यात डर्बनमध्ये इंग्लंडविरुद्ध तो देशासाठी शेवटचा खेळला. लीड्स कर्जात बुडाले, एकेक खेळाडू विकत गेले आणि २००४ मध्ये त्यांची खालच्या श्रेणीत घसरण झाली. राडेबे तेव्हाही तेथेच होता. टाचेमागच्या स्नायुबंधाच्या दुखापतीने उरलेसुरले सामनेही हिरावून घेतले. २ मे २००५ रोजी एलंड रोडवर त्याच्या गौरवार्थ सामना झाला. क्लब दुसऱ्या श्रेणीत, तिजोरी रिकामी, आणि ज्याच्यासाठी सामना होता त्या बचावपटूने त्यांना लीगमध्ये एकही गोल करून दिलेला नव्हता. तरी त्या दिवशी पस्तीस हजारांहून अधिक माणसे मैदानावर आली होती.